वतन, मानधन आणि निवृत्तिवेतन



इतिहासावर बोलायला या व्यासपीठावर नेहमी विद्वान येतात. आमचे तसे नाही. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिकणे झाले ते कामगारांच्या कागदांवर. नेमणुकीचे हुकूम, पगारपत्रके, बडतर्फीच्या नोटिसा आणि न्यायालयांचे निकाल हेच आमचे ग्रंथ. हे कागद वाचता वाचता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माणसाला आज किती मिळते, हे त्याच्या कामावरून थोडेफार सांगता येते. म्हातारपणी त्याला काय मिळेल, हे मात्र कामावरून सांगता येत नाही. त्यासाठी सरकारने त्याला कोणत्या वर्गात बसवले आहे ते पाहावे लागते. एकाच गुन्ह्याच्या जागी, एकाच रात्री, एकाच पावसात दोन माणसे उभी असतात. एकाला निवृत्तिवेतन आहे आणि दुसऱ्याला नाही. असे का, याचा इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपण शहरात राहणारी माणसे. आपल्या दृष्टीने पोलीस म्हणजे नाक्यावरचा शिपाई, हवालदार, फार तर ठाण्यातला फौजदार. परंतु महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत पोलीस ठाणे नसते. तिथे विहिरीत प्रेत सापडले, बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, की पहिल्यांदा जातो तो पोलीस पाटील. त्याच्या बरोबर असतो कोतवाल. हा खात्याने महसुलाचा, तलाठ्याच्या हाताखालचा. पण निरोप, दवंडी, राखण, समन्स घेऊन जाणे ही सारी कामे त्याच्याच पायांवर चालतात. राज्यात पोलीस पाटलांची मंजूर पदे ३८ हजार ७२५ आणि कोतवालांची १२ हजार ७९३. म्हणजे पन्नास हजारांहून अधिक घरांचा हा प्रश्न आहे.

प्रथम ‘पेन्शन’ या शब्दाकडे वळू. मराठी माणसाच्या कानावर हा शब्द मोठ्या गाजावाजाने आला तो १८१८ साली. दुसऱ्या बाजीरावाने राज्य सोडले आणि इंग्रजांनी त्याला वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन बांधून देऊन बिठूरला पाठवले. १८५१ मध्ये बाजीराव वारला. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने ती पेन्शन पुढे चालू ठेवण्याची मागणी केली. कंपनी सरकारचे उत्तर असे की ती रक्कम बाजीरावाच्या जिवापुरती होती, वारसाचा तिच्यावर हक्क नाही. पुढे १८५७ मध्ये काय झाले ते आपण जाणता. आम्हांला यातून एवढेच दाखवायचे आहे की, त्या काळी पेन्शन म्हणजे देणाऱ्याची मर्जी होती. ती पेशव्याच्या घरी जशी बंद झाली, तशीच एखाद्या शिपायाच्या घरीही बंद होऊ शकत होती.

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे वेगळी रीत होती. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर, आणि प्रत्यक्ष राखण महार, रामोशी, जागल्या यांच्यावर, खानदेशाकडे भिल्लांवर. त्यांना दरमहा पगार नव्हता. पाटलाला इनाम जमीन, हक्क, मानपान. महाराला आणि रामोश्याला थोडी जमीन आणि सुगीच्या दिवसांत प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचे बलुते. याला वतन म्हणत. वतनाबरोबर जोखीमही असे. चोराचा माग काढत काढत लोक एखाद्या गावच्या शिवेत आले, तर तो माग पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन दाखवायचा, नाही तर चोरीची भरपाई करायची. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे.

आता विचार करा, या रीतीत म्हाताऱ्याची काय सोय होती? वेगळी सोय नव्हती, आणि तशी गरजही भासत नव्हती. वतन माणसाचे नसून घराण्याचे होते. बाप थकला की मुलगा काठी घेऊन उभा राही. जमीन आणि बलुते घरातच राही, आणि त्याच भाकरीत म्हाताऱ्याचा वाटा असे. वतन हाच त्या माणसाचा पगार आणि तेच त्याचे निवृत्तिवेतन. आम्ही त्या व्यवस्थेची थोरवी गात नाही. तिच्या पोटात किती अन्याय होता ते पुढे येईलच. परंतु सरकारने पुढे वतन मोडले, तेव्हा त्याने दोन गोष्टी एकदम मोडल्या, आणि बदली मात्र एकच गोष्ट दिली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही मोडतोड किती महाग पडते, हे इंग्रजांना लवकरच कळले. पुरंदरच्या परिसरातले रामोशी पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्यांची राखण करीत. १८१८ नंतर किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या आणि राखणदारांच्या हाती काही उरले नाही. उमाजी नाईकांचे बंड याच मातीतून उठले. मध्यंतरी सरकारने त्यांना माफी देऊन आपल्याच बंदोबस्ताच्या कामाला लावून पाहिले. शेवटी १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिले. ज्याच्याकडून राखण करून घ्यायची त्याच्या पोटाचा विचार केला नाही, की तोच राखणदार रानात जातो, हा धडा त्या चौदा वर्षांत सरकारला मिळाला होता.

तरीही पुढचे कायदे पाहिले तर काय दिसते? १८६७ मध्ये मुंबई इलाख्यासाठी गावपोलिसांचा कायदा झाला. पाटलाने गुन्ह्याची खबर द्यायची, आरोपीला धरायचे, संशयास्पद मृत्यू झाला तर पंच बोलावून पाहणी करायची, अशी कामे त्यात लिहिली गेली. जुनी चाकरी कायद्यात आली. मोबदला मात्र जुन्या वतनावरच सोडला. त्यानंतर १८७४ मध्ये वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा आला. त्याला लोक वतन कायदा म्हणत. वतनाची जमीन कोणी विकायची नाही, आणि वतनदारांपैकी कोणी प्रत्यक्ष चाकरी करायची, ते सरकार ठरवणार.

इथे वर्गवारीची पहिली मोठी रेघ दिसते. परगण्याचे वतनदार, म्हणजे देशमुख आणि देशपांडे, यांच्याशी सरकारने १८६३ च्या सुमारास एक तडजोड केली होती. गॉर्डन साहेबाच्या नावाने ती ओळखली जाते. त्या तडजोडीने देशमुख-देशपांड्यांना चाकरी माफ झाली आणि सरकारला ठरावीक पट्टी भरून वतन त्यांच्याकडेच राहिले. आजच्या भाषेत बोलायचे तर ही भरघोस निवृत्ती होय, आणि तीही पिढीजात. गावच्या महाराला मात्र अशी सूट नव्हती. त्याच्या कपाळी ‘कनिष्ठ गावकामगार’ हा शिक्का होता. त्याची चाकरी चालूच राहिली, आणि तिला दिवस-रात्र असे काही नव्हते. अंमलदार गावात आला की घोडे धरायचे, निरोप घेऊन दहा कोस चालायचे, सरकारी भरणा पोचवायचा, प्रेताची राखण करायची. घरातला एक माणूस आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे. वरच्याला चाकरीशिवाय वतन आणि खालच्याला वतनापेक्षा मोठी चाकरी, असा तो न्याय होता.

या अन्यायाविरुद्ध कायदेमंडळात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ज्यांना चाकरी नको असेल त्यांना तिच्यातून मोकळे होऊ द्या. त्यांची जमीन पूर्ण सारा आकारून त्यांच्याकडेच राहू द्या. आणि बलुते दारोदार मागायला न लावता पैशाच्या रूपाने वसूल करा, असा त्याचा आशय होता. कौन्सिलातल्या विरोधामुळे ते १९२९ मध्ये त्यांना मागे घ्यावे लागले. वतनदारांच्या परिषदांतून चळवळ मात्र चालू राहिली. १९३९ मध्ये हरेगावला महार, मांग आणि वेठिया वतनदारांची परिषद भरली, तिथेही हाच सवाल होता. त्या विधेयकाकडे सामाजिक चळवळीचा दस्तऐवज म्हणून पाहतात, ते बरोबरच आहे. आमच्यासारखा संघटनेत काम करणारा माणूस ते वाचतो तेव्हा त्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकारी काम करणाऱ्याचा मोबदला सरकारने ठरवावा, रोख द्यावा आणि गावाच्या मर्जीवर सोडू नये, ही कामगाराची मागणी त्यात आहे. ती दारोदारच्या भाकरीतून सुटून हक्काच्या पैशाकडे जाण्याची मागणी होती.

स्वातंत्र्यानंतर वतने गेली. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. त्याचा अंमल १९५९ मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी वतनदार चाकराच्या जागी कोतवाल आला. महसुली पाटलाचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने गेला. पोलीस पाटलाची जागा मात्र राहिली, कारण तिच्यावाचून चालत नव्हते. १९६७ मध्ये महाराष्ट्र ग्रामपोलीस कायदा झाला. निजामी अमलातून आलेला मराठवाडा, मध्य प्रांतातून आलेला विदर्भ आणि जुना मुंबई इलाखा, यांचे वेगवेगळे नियम जाऊन साऱ्या राज्याला एक कायदा लागू झाला. पाटीलकी वंशाने मिळण्याचे दिवस संपले. कोणत्याही जातीचा लायक माणूस, पुढे बाईमाणूसही, अर्ज करून पोलीस पाटील होऊ लागली. ही फार मोठी गोष्ट घडली आणि तिचे श्रेय त्या पिढीला दिलेच पाहिजे.

पण आम्ही मघाशी म्हणालो ती दुसरी बाजू आता पाहा. वतन गेले तेव्हा घराण्याची भाकरी गेली. तिच्या जागी त्या एका माणसाला दरमहा काही रक्कम आली, तो काम करतो आहे तोवर. या रकमेला नाव दिले ‘मानधन’. १९६८ च्या आदेशाने पोलीस पाटलाच्या नेमणुकीच्या अटी ठरल्या. नेमणूक ठरावीक मुदतीची, मुदत संपली की नूतनीकरण, आणि वयाची साठ वर्षे भरली की सुट्टी. त्याने गावात राहायचे. शेती करावी, गावात लहानसा धंदा करावा. दुसरी पूर्णवेळ नोकरी करू नये. साठाव्या वर्षी तो बिल्ला आणि दप्तर परत करतो, आणि पुढच्या महिन्यापासून सरकारच्या लेखी त्याचे नाते संपते.

मराठीत ‘मानधन’ हा शब्द फार गोड आहे. मान आहे, धनही आहे. गायकाला बिदागी देताना किंवा आम्हांसारख्या वक्त्याला नारळाबरोबर पाकीट देताना तो शोभतो. परंतु दर महिन्याला, वर्षानुवर्षे, हुकमाने सांगितलेल्या कामाबद्दल, चुकल्यास निलंबनाची आणि बडतर्फीची शिक्षा असलेल्या माणसाला जी रक्कम देतात तिला मानधन म्हणणे म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! हा शब्द कोणी केवळ विनयाने वापरलेला नाही. त्याच्या पाठीमागे निवृत्तिवेतनाचे गणित आहे, आणि ते समजण्यासाठी आपल्याला नियमांकडे गेले पाहिजे.

सरकारी नोकरांच्या पेन्शनचे इंग्रजी अमदानीतले मोठे पुस्तक म्हणजे सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्स. पेन्शनला पात्र अशी नोकरी कोणती, हे सांगताना त्यात तीन कसोट्या लावल्या होत्या. नोकरी सरकारची असली पाहिजे. ती कायम स्वरूपाची असली पाहिजे. आणि तिचा पगार सरकारने दिला पाहिजे. तिन्ही कसोट्या एकदम उतरल्या तरच दार उघडणार. याच पुस्तकात ‘वरिष्ठ’ आणि ‘कनिष्ठ’ नोकरी असाही भेद होता, आणि कनिष्ठ नोकरीची पेन्शन कमी असे. राज्याचे आपले निवृत्तिवेतनाचे नियम १९८२ मध्ये झाले. तरीही विचार करण्याची चौकट बरीचशी याच तीन खांबांवर उभी राहिली.

ठाण्यातला शिपाई या तिन्ही कसोट्यांना उतरतो. आता आपला पोलीस पाटील लावून पाहा. नोकरी सरकारची आहे का? नेमणूक सरकारी अधिकारी करतो, शिस्तही तोच लावतो, म्हणजे आहे. कायम आहे का? मुदतीची नेमणूक आणि नूतनीकरण, म्हणजे नाही. पगार सरकार देते का? पैसा सरकारी तिजोरीतून येतो, पण तो पगार नव्हे, मानधन. पहिल्या खांबावर माणूस उभा राहतो, दुसऱ्यावर अडखळतो आणि तिसऱ्यावरून खाली पडतो. एका शब्दाने वीस-पंचवीस वर्षांची चाकरी निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून वगळली जाते.

पोलिसाच्या पेन्शनचा झगडा आपल्याकडेच झाला असे नाही. ज्या इंग्लंडकडून आपण पोलीस खाते घेतले, तिथला इतिहास पाहिला तर आपली वाट किती चालून झाली ते कळते. लंडनचे नवे पोलीस दल १८२९ चे. तिथेही कित्येक वर्षे शिपायाची पेन्शन अधिकाऱ्यांच्या मर्जीवर होती. पैसे पगारातून कापायचे, आणि द्यायचे की नाही ते वरच्यांनी ठरवायचे! यावर असंतोष माजला, १८९० च्या उन्हाळ्यात लंडनच्या शिपायांनी कामावर जायचे नाकारले, आणि त्याच वर्षी कायदा होऊन पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन हा शिपायाचा हक्क ठरला. १९१८ आणि १९१९ मध्ये पुन्हा संप झाले. १९१९ च्या संपात उतरलेल्यांना बडतर्फ केले आणि त्यांची पेन्शनही बुडाली. मागे राहिलेल्यांना चांगला पगार मिळाला, आणि संघटना करण्याचा हक्क गेला.

हाच सौदा आपल्याकडेही दिसतो. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलीस दलातल्या माणसांच्या संघटना-हक्कावर बंधने आली. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या पोलीस शिपायांचा उद्रेक झाला. सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढली आणि अनेकांना घरी पाठवले. तेव्हा चित्र असे झाले: ठाण्यातल्या शिपायाला निवृत्तिवेतन आहे, पण संघटना नाही, गावच्या पोलीस पाटलाला संघटना आहे, मोर्चा काढता येतो, पण निवृत्तिवेतन नाही. दोघांच्याही हातात अर्धी भाकरी आहे.

त्याच १९८२ सालच्या १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा प्रकरणाचा निकाल दिला. देशातले निवृत्त लोक हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. सरकारने पेन्शनचे सुधारलेले सूत्र एका ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लावले होते. न्यायालय म्हणाले, निवृत्तांचा वर्ग एकच आहे. मध्येच तारखेची रेघ ओढून त्याचे दोन तुकडे करण्याला कारण दाखवा. कारण दाखवता आले नाही, आणि रेघ पुसली गेली. त्या निकालात आणखीही एक गोष्ट स्पष्ट झाली. पेन्शन म्हणजे धन्याची बक्षिसी नव्हे, आणि त्याच्या लहरीवरचे दानही नव्हे. ती झालेल्या सेवेचा मोबदला आहे आणि वृद्धपणीच्या सुरक्षेची सामाजिक तरतूद आहे. बाजीरावाच्या आठ लाखांपासून या निकालापर्यंत एकशे चौसष्ट वर्षे गेली. एवढ्या काळात ‘पेन्शन’ शब्दाचा अर्थ मर्जीकडून हक्काकडे सरकला.

आता कोणी म्हणेल, मग याच निकालाने पोलीस पाटलाचे काम का झाले नाही? कारण नकारा निकालातली माणसे वर्गाच्या आत होती. भांडण आतल्या रेघेचे होते. पाटील आणि कोतवाल वर्गाच्या बाहेर आहेत. बाहेरच्या माणसाला आधी उंबरा ओलांडावा लागतो. उंबऱ्याबद्दलही न्यायालये बोलली आहेत. आसामातल्या मौजादाराचे प्रकरण १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. मौजादार म्हणजे गावोगावचा सारा गोळा करणारा, कमिशनवर काम करणारा माणूस. न्यायालयाने ठरवले की त्याचे पद हे राज्याच्या सेवेतले नागरी पदच आहे. १९७७ मध्ये डाक खात्यातल्या ‘खात्याबाहेरच्या’ सेवकांबद्दलही तसाच निर्णय झाला. दिवसातले काही तासच काम करतो, म्हणून तो सरकारचा माणूस नव्हे असे होत नाही. पण याने बडतर्फीविरुद्धचे संरक्षण मिळाले. नियमित नोकरासारखी पेन्शन मिळाली नाही. उंबऱ्यातून आत घेतले आणि ओसरीवर बसवले.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा २०२२ च्या एप्रिलचा. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविकांचा सवाल होता. त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळावी का? सरकारी बाजू अशी की त्यांना पगार नाही, मानधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली वेतनाची व्याख्या पाहिली आणि सांगितले की कामाबद्दल मिळणारे हे मानधन त्या व्याख्येत बसते. हा निकाल ग्रामपोलिसांना आपोआप लागू होतो असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा कायदा वेगळा, त्यांची नेमणूक वेगळी. पण ‘मानधन’ या शब्दाची जादू त्या दिवशी उतरली, एवढे मात्र खरे.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. सरकार म्हणते, पोलीस पाटलाचे काम पूर्णवेळ नाही. त्याला शेती आहे, धंद्याची मोकळीक आहे. पन्नास हजार माणसांना पूर्ण निवृत्तिवेतन द्यायचे तर तिजोरीवर मोठा भार पडेल. शिवाय आज पूर्णवेळ सरकारी नोकरांनाही जुने निवृत्तिवेतन राहिलेले नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना अंशदानाची योजना आली, आणि त्यात पोलीस शिपाईही आले. म्हणजे ठाण्यातही आता तारखेची रेघ आहे. एकाच बराकीत झोपणाऱ्या दोन शिपायांचे म्हातारपण दोन प्रकारचे आहे. २०२३ च्या मार्चमध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला तो याच रेघेवरून. पूर्णवेळ नोकराचीच ही तऱ्हा, तर अर्धवेळाचे काय, असे विचारणाऱ्याला आम्ही वेडा म्हणणार नाही.

आमचे उत्तर साधे आहे. काम अर्धवेळ असेल तर निवृत्तिवेतन अर्धे असू द्या, पाव असू द्या. अर्ध्याचे शून्य कोणत्या गणिताने होते? आणि काम खरोखर अर्धवेळ आहे का, हेही मोजून पाहिले पाहिजे. पाटलाला ठरावीक तास नाहीत. रात्री दोनला दार वाजले तर ‘माझी वेळ संपली’ असे तो म्हणू शकत नाही. पूर आला, दंगल झाली, निवडणूक लागली, साथ आली, की त्याचा दिवस चोवीस तासांचा होतो. गावात राहण्याची सक्ती आणि दुसऱ्या पूर्णवेळ नोकरीची बंदी ही पूर्णवेळ माणसाची बंधने आहेत. बंधने पूर्णवेळाची आणि हिशेब अर्धवेळाचा, हा न्याय नव्हे.

मानधन वाढले आहे, हे आम्ही नाकारत नाही. पोलीस पाटलांना २०१९ मध्ये तीन हजारांचे साडेसहा हजार झाले आणि २०२४ मध्ये पंधरा हजारांचा निर्णय झाला. कोतवालांनाही २०२३ मध्ये पंधरा हजार ठरले. २०२५ मध्ये कोतवालाचे नाव बदलून ‘महसूल सेवक’ केले. यांतली प्रत्येक गोष्ट मागून, बसून, मोर्चे काढून मिळालेली आहे. आणि ती मिळवणाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करतो. परंतु मानधन तिप्पट केले तरी साठाव्या वर्षानंतरच्या शून्याची तिप्पट शून्यच होते. आणि नाव बदलले तरी नियमाच्या पुस्तकातला रकाना आपोआप बदलत नाही. म्हणूनच चतुर्थ श्रेणीचा दर्जा द्या, ही कोतवालांची मागणी इतक्या वर्षांत कधी मागे पडली नाही. शहरी माणसाला ती मागणी दर्जासाठी हपापल्यासारखी वाटते. श्रेणी म्हणजे म्हातारपणची भाकरी हे त्याला माहीत नसते, म्हणून तसे वाटते.

व्यवहाराची वाट नाही असे नाही. डाक सेवकांसाठी २०११ पासून सेवामुक्तीच्या लाभाची निराळी योजना सुरू झाली. ती पुरेशी आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पूर्णवेळ नोकर आणि परका, या दोहोंच्या मधला वर्ग कायद्याला करता येतो, हे तिने दाखवले. पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यासाठीही सेवेच्या वर्षांच्या प्रमाणात वाढणारी, सरकार आणि सेवक दोघांच्या वर्गणीची, आणि सेवक वारला तर त्याच्या पत्नीला पुढे चालणारी तरतूद करता येईल. कर्तव्यावर जखमी झालेल्यासाठी तीत निराळे कलम हवे. आणि हे सारे नियमात लिहिलेले असावे. घोषणा आणि मर्जी यांवर सोडलेले नसावे, कारण मर्जीच्या पेन्शनीचे काय होते, ते बिठूरने दाखवले आहे.

आपण विचाराल, हे आम्हां शहरातल्या श्रोत्यांना सांगण्याचे प्रयोजन काय? आपल्यापैकी पुष्कळांचे आईवडील अजून गावी आहेत. जमिनीचे तंटे, घरांची कुलपे, जत्रांची गर्दी गावीच आहे. तिथली शांतता कोणी तरी राखतो म्हणून आपण इथे निर्धास्त बसतो. शिवाय हा सवाल आता शहरातही शिरला आहे. आपल्या नगरपालिकांत आणि कार्यालयांत कंत्राटी, मानधनी, तात्पुरते असे शब्द वाढत चालले आहेत. काम तेच, खुर्ची तीच, फक्त रकाना निराळा. गावकामगारांच्या बाबतीत जे शतकभर चालले, ते आता सुशिक्षितांच्या दारात आले आहे. गावच्या पाटलाची बाजू समजून घेणे म्हणजे आपल्या मुलाबाळांच्या नेमणुकीचा हुकूम वाचायला शिकणे होय.

तेव्हा आमची विनंती एवढीच आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा पोलीस पाटलाला आणि कोतवालाला भेटा. साठ वर्षे झाल्यावर तुम्हांला काय मिळणार, असे विचारा. जे उत्तर मिळेल ते आपल्या आमदाराच्या कानावर घाला, आणि पुढल्या निवडणुकीत पुन्हा विचारा. १९२८ चे विधेयक मागे घ्यावे लागले होते. तरी तीस वर्षांनी वतन गेलेच. मागणी न्याय्य असली आणि माणसे ती विसरली नाहीत, तर नियमाच्या पुस्तकातले शब्द बदलतात, असा आमच्या चळवळीचा अनुभव आहे.